पावती क्रमांकातली शून्यं कुठे गेली?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या मी एक्सेलच्या मॅक्रोने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने काढतो. फॉरमॅट फंक्शनने तयार केलेला ‘००४२’ क्रमांक सेलमध्ये ‘४२’ होतो. ५ एप्रिलची तारीख ४ मे होते, १३ एप्रिलची मात्र बरोबर राहते. असं का?
— एक खजिनदार, डोंबिवली

उत्तर : खजिनदारसाहेब, तुमचं फॉरमॅट फंक्शन, म्हणजे आकड्याला हवं ते रूप देणारी आज्ञा, निर्दोष आहे. ते ‘००४२’ असा मजकूरच देतं, पण जनरल, म्हणजे कुठलंच खास स्वरूप न दिलेल्या सेलमध्ये तो पडला की एक्सेल त्याला पुन्हा आकडा समजतं. म्हणून आधी सेलच्या नंबरफॉरमॅटला (सेलमधलं कसं दिसावं ते ठरवणाऱ्या गुणधर्माला) ‘@’, म्हणजे ‘हा मजकूर आहे’ ही खूण द्या आणि मगच क्रमांक लिहा. क्रम उलटा केलात तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

तारखेचं दुखणं जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. ‘०५/०४/२०२५’ हा मजकूर मॅक्रोने सेलमध्ये टाकला, की तो अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचला जातो. तुमच्या विंडोजमध्ये भारतीय सेटिंग असलं तरीही. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ एप्रिल बचावला. एक्सेलच्या लेखी ५ एप्रिल २०२५ म्हणजे नुसता दिवसांच्या मोजणीतला ४५७५२ हा आकडा. तेव्हा डेटसीरियल या तारीख बनवणाऱ्या फंक्शनला वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे देऊन खरी तारीख लिहा. दिवस आधी दिसणं हे नंबरफॉरमॅटचं काम. फॉरमॅट फंक्शन फक्त छापायच्या वाक्यापुरतं ठेवा.

जुन्या नोंदींत १ ते १२ तारखांच्या पावत्या स्थळप्रतींशी ताडून बघा. ऑडिटरच्या आधी तुम्हीच बघितलेलं बरं!