मास्तरांच्या गोळ्या आणि एक जूनची जन्मतारीख

प्रश्न : माझं वय ६९, यजमानांचं ७४. वाईजवळच्या शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. बारा वर्षं साखरेच्या गोळ्या घेतात. महिन्यापूर्वी ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला, ‘मधुमेह मुळापासून बरा, ९० दिवसांत गोळ्या बंद’. ह्यांनी सोळाशे रुपयांचं चूर्ण मागवलं आणि त्या दिवसापासून गोळ्यांना हात लावलेला नाही. मी काही बोलले की म्हणतात, ‘तू डॉक्टर आहेस का?’ मुलगा बंगळुरूहून इंग्रजी लिंका पाठवतो. त्या ह्यांना वाचायच्या नसतात आणि मला वाचता येत नाहीत. आमच्यासारख्यांनी खरी माहिती बघायची कुठे?

उत्तर : वहिनी, आधी घाईचं बोलू. मास्तर रात्री लघवीला किती वेळा उठतात, तहान वाढली आहे का, वजन उतरलंय का, पायाला न भरणारी जखम आहे का, हे आजच बघा. यातलं काही दिसलं तर उद्याच डॉक्टरांकडे. उलट्या, गुंगी किंवा बरळणं असेल तर उद्याचीही वाट नको, तडक रुग्णालय गाठा. काहीच नसलं तरी याच आठवड्यात ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, करून घ्या. उपाशी जावं लागत नाही, चहा-पोहे खाऊन जाता येतं. सोबत साधी साखरही तपासा, कारण गोळ्या बंद होऊन महिनाच झालाय. तीन महिन्यांच्या सरासरीत आधीच्या गोळ्यांची पुण्याई मिसळलेली असणार. आकडा बरा आला की मास्तर म्हणतील, ‘बघ, चूर्णाचा गुण!’

एक मात्र करू नका. घाबरून बंद गोळ्या परस्पर सुरू करू नका. अशा काही पुड्यांत ॲलोपॅथीचीच औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत. वरून गोळी पडली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांसमोर चूर्णाचा डबा ठेवा आणि मग ते सांगतील तसं करा.

आता माझ्या घरातलं सांगते. मी २८ वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. दिवसभर दुसऱ्यांच्या सासूसासऱ्यांना ‘असल्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका’ सांगायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. एकदा देवघराच्या फडताळात एक बाटली सापडली, रबरबँडने अंगाऱ्याच्या पुडीला बांधलेली. लेबलवर कमळाचं चित्र, ‘मोतीबिंदू विरघळवणारे थेंब’ अशी अक्षरं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही. माझे सासरे आठ महिने ते थेंब घालत होते. मोतीबिंदू कुठल्याही थेंबांनी विरघळत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. त्यांना तर मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी सांभाळता येते. उजव्या डोळ्याची गेली. मी त्यांना बोलले, फार बोलले. ते एवढंच म्हणाले, ‘तुला विचारलं असतं, पण तू दमून यायचीस.’

तेव्हापासून खऱ्या माहितीची माझी व्याख्या बदलली. ज्याला उद्या परत जाऊन जाब विचारता येतो, त्याची माहिती घ्यायची. व्हिडिओतला पांढरा कोटवाला उद्या सापडणार नाही. तुमच्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, गावातली आशाताई, नाक्यावरचा फार्मासिस्ट ही माणसं उद्याही तिथेच असतात. ती चुकतच नाहीत असं नाही, पण चुकली तर त्यांना गाठता येतं.

मास्तरांशी वाद घालू नका, ‘तुमचं चुकलं’ ऐकण्याची मुख्याध्यापकांना सवय नसते. त्यांना नियम दाखवा. १९५४ सालचा एक केंद्रीय कायदा आहे, औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्याच्या यादीतले आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू ही सगळी त्या यादीत आहेत. म्हणजे ‘मुळापासून बरा’ म्हणणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतोय. आयुष्यभर हजेरीपुस्तकात खाडाखोड चालू न दिलेल्या माणसाला हे पटेल. दुसरं, त्या व्हिडिओतल्या ‘डॉक्टरां’चा नोंदणी क्रमांक मास्तरांनाच शोधायला लावा. ॲलोपॅथीवाल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, वैद्यांची भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेकडे. माझा आयुर्वेदावर राग नाही, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे खुशाल जावं. राग बिनपत्त्याच्या डब्यावर आहे.

डॉक्टरांकडे जाताना एका कापडी पिशवीत घरातली झाडून सगळी औषधं भरून न्या. फडताळातली, उशाखालची, शेजाऱ्यांनी दिलेली, चूर्ण, काढा, गुडघ्याचं तेल, सगळी. पिशवी टेबलावर रिकामी करा. आमच्याकडे आलेल्या एका आजोबांच्या पिशवीतून रक्तदाबाच्या दोन पट्ट्या निघाल्या होत्या. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आत दोन्हींत औषध एकच, टेल्मिसार्टन. दोन डॉक्टरांनी लिहून दिलेली, दोन्ही रोज चालू. आजोबांना उठताना चक्कर येत होती आणि घरच्यांना वाटत होतं, वय झालं.

लेकाला सांगा, लिंका पुरे. डॉक्टरांकडे जाल त्या वेळी फोनवर ये आणि ऐक. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पदाधिकाऱ्यांनाही सुचवा, तो व्हिडिओ ज्या ग्रुपवर आला तिथेच ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या गप्पांची तारीख टाका. आमंत्रणाचं पत्र मास्तरांना लिहू द्या, त्यांचं अक्षर चांगलं असणार.

प्रश्न : आईचं वय ७१, ती घसरून पडली आणि खुबा मोडला. सत्तरीपुढच्यांचं पाच लाखांचं कार्ड असतं असं कळलं. पण पहिल्या रुग्णालयात ‘इथे कार्ड चालत नाही’ म्हणाले, आणि कार्ड काढायला गेलो तर आईचे ठसे उमटेनात. (पिंपरी)

उत्तर : कार्ड खरं आहे. ‘आयुष्मान वय वंदना’ म्हणतात, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. सत्तरी पार केलेल्या कुणालाही मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ही रक्कम कुटुंबाची. घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून लागू, वाट पाहण्याची अट नाही. मात्र ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही, आणि योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच चालतं. म्हणून आधी रुग्णालय योजनेत आहे का ते विचारा, १४५५५ वर विचारता येतं. नोंदलेल्या रुग्णालयात पोचलात की बिलिंगच्या खिडकीआधी आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाची, खिडकी शोधा.

ठशांचं म्हणाल तर आयुष्यभर भांडी घासलेली, धुणं धुतलेली बोटं आहेत ती. ओटीपीने किंवा चेहरा दाखवूनही कार्ड निघतं, केंद्रावर तसं ठामपणे सांगा. जाण्याआधी आधारवरची जन्मतारीख तेवढी बघून घ्या, वय त्यावरच धरतात. आपल्याकडच्या निम्म्या आजीआजोबांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. (वाईच्या मास्तरांनीही गावातल्या बऱ्याच जणांना एक जूनला जन्माला घातलं असेल.) दिवस चुकला तर बिघडत नाही, पण साल चुकून आई कागदावर अडुसष्टची निघाली तर कार्ड अडतं. मग आधी आधार दुरुस्ती.

आईचं जुनं केंद्र सरकारी आरोग्य योजनेचं किंवा माजी सैनिकांच्या योजनेचं कार्ड असेल तर दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. खासगी विमा असेल तर दोन्ही ठेवता येतात.

प्रश्न : वय ७९, एकटा राहतो. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या नंबरचा खरंच उपयोग काय? (कोथरूड, पुणे)

उत्तर : पेन्शन अडली, मुलं विचारत नाहीत, घर नावावर करून दे म्हणून कुणी छळतंय, वृद्धाश्रमांची माहिती हवी आहे किंवा नुसतं बोलायचं आहे, यासाठी. सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. छातीत दुखायला लागलं तर हा नंबर नाही, १०८. रात्री बाराला जीव नकोसा झाला तर १४४१६, तिथे चोवीस तास माणूस असतो. हे तिन्ही आकडे जाड पेनाने मोठ्या कागदावर लिहा आणि फ्रीजवर लावू नका, पडलात तर फ्रीजपर्यंत जाता येणार नाही. पलंगाच्या पायाशी, जमिनीवरून दिसेल एवढ्या उंचीवर चिकटवा. आणि शेजारच्यांकडे एक किल्ली द्या. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, आतून कडी लावून झोपता म्हणून. कडी लावलीत तर त्या किल्लीचा काही उपयोग नाही, आजपासून नुसतं लॅच लावा.