१९७९चं बॅली पिनबॉल, कॉइलगणिक फ्यूजचा बोर्ड आणि फ्यूज किती अँपिअरचा

नांदेडच्या दादांनी विचारलंय: १९७९चं बॅली कंपनीचं पिनबॉल (चेंडू उडवायच्या खेळाचं मशीन) घेतलंय, त्यातल्या कॉइलच्या (चेंडू ढकलणाऱ्या विद्युतचुंबकांच्या) संरक्षणासाठी आठ फ्यूजच्या बोर्डाचं किट आणलंय, सोबतचा नकाशा समजत नाही. जोडायचं कसं आणि फ्यूज किती अँपिअरचा टाकायचा? दुसरं आधी सांगतो. ते चुकलं तर बोर्ड कितीही सुबक झाळला तरी उपयोग नाही.

माझं जालन्यात मोटार रिवाइंडिंगचं काम आहे. डीपीवरचा फ्यूज सारखा जातो म्हणून कुणीतरी जाड तार बांधतं, आणि चार दिवसांत शेतकऱ्याची मोटार माझ्या दुकानात येते. तार शाबूत, मोटार खाक. पिनबॉलमध्येही हेच होतं. या काळातल्या बॅलीत कॉइलना ४३ व्होल्ट डीसी जातो आणि रेक्टिफायर बोर्डावर (एसीचं डीसी करणाऱ्या बोर्डावर) त्या सगळ्यांसाठी मिळून ५ अँपिअरचा फ्यूज असतो. समजा एक कॉइल ९ ओहमची आहे. तिला चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ती सतत ओढून धरते: ४३ भागिले ९, म्हणजे पावणेपाच अँपिअर. ५चा फ्यूज जागचा हलत नाही, आणि मुठीएवढ्या कॉइलमध्ये दोनशे वॅट उष्णता साठत राहते. एक मशीन माझ्याकडे असंच आलं होतं. बॉबिन (वेढ्यांचं रीळ) वितळून प्लंजर (आतला लोखंडी दांडा) आत चिकटला होता, प्लायवूड काळं पडलं होतं, आणि आधीच्या कारागिराने फ्यूजवर तार गुंडाळलेली होती. मला ते बघून फार वाईट वाटलं. पंचेचाळीस वर्षं टिकलेली वस्तू एका तारेपायी जळायला नको.

म्हणून साध्या कॉइलला १ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणभराचा जादा करंट सोसणारा) फ्यूज टाका. खेळताना कॉइल सेकंदाच्या काही शतांशापुरतीच ओढते, तेवढं तो सहन करतो. अडकून राहिली तर वितळतो. फास्ट फ्यूज घेऊ नका, तो चांगल्या खेळातही जाईल. फ्लिपरचं, म्हणजे बटणावर चेंडू मारणाऱ्या दांड्याच्या कॉइलचं, वेगळं. त्यात दोन वेढे असतात, ओढणारा जाड आणि धरून ठेवणारा बारीक. त्याला ३ अँपिअर ठीक. पण आधी टोकाचा स्विच (फ्लिपर पूर्ण उचलल्यावर उघडणारा) साफ करा. बटण दाबून धरल्यावर तो उघडला नाही तर जाड वेढाच चालू राहतो.

आता जोडणी. फ्यूजच्या क्लिपला एका बाजूला अडसर असतो, तो बाहेरच्या बाजूला हवा. क्लिपमध्ये जुना फ्यूज बसवूनच झाळा म्हणजे दोन्ही क्लिप सरळ रेषेत राहतात. गार होईपर्यंत हात लावू नका. किटमध्ये एलईडीसाठी ४.७ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर असेल तर बदला. ४३ व्होल्टवर तो पाव वॅटपेक्षा जास्त तापतो. १० किलोओहमचा पाव वॅटवाला चालतो, उजेड पुरतो.

बोर्ड कॉइलच्या पुरवठ्याच्या बाजूला घ्या. परतीच्या तारेवर लावणं सोपं असतं, पण मधली तार घासून ग्राउंडला टेकली तर तो फ्यूज वाचवत नाही. मूळ मशीनमध्ये पुरवठ्याची तार एका कॉइलवरून दुसरीवर गेलेली असते. ती साखळी तोडून प्रत्येकीला बोर्डापासून वेगळी तार न्या. इथे घाई करू नका. कॉइलच्या दोन टोकांमध्ये डायोड असतो, त्याच्या पट्टीच्या बाजूलाच पुरवठा आला पाहिजे. उलटं झालं की ती कॉइल ओढायला जाताक्षणी फ्यूज जाईल आणि तुम्ही बोर्डाला दोष देत बसाल. तोडण्याआधी प्रत्येक कॉइलचा फोटो काढा आणि तारेला चिकटपट्टीवर नाव लिहा.

पहिल्यांदा वीज देताना आपला सिरीज बोर्ड (मशीनच्या पुरवठ्याच्या वाटेत बल्ब जोडलेला) वापरा, ६० वॅटचा बल्ब लावून. त्याआधी ट्रान्सफॉर्मरचे टॅप २३० व्होल्टला जोडलेत का ते बघा. साध्या दिव्यांचा २० अँपिअरचा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर त्यांच्या लोडनेच बल्ब भरून पेटेल. कॉइलचे आठही फ्यूज बाहेर. मशीन पूर्ण सुरू होणार नाही, ते ठीकच. मग एकेक फ्यूज बसवा, प्रत्येक वेळी वीज बंद करून. ज्या फ्यूजला बल्ब एकदम उजळला किंवा कॉइल ओढून राहिली, त्या जागेचा ट्रान्झिस्टर नाहीतर डायोड तपासा. डिस्प्लेच्या लाइनवर १९० व्होल्टच्या आसपास असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो, म्हणून मीटरने बघितल्याशिवाय तिकडे बोट नेऊ नका.

आठही कॉइलचे ओहम मोजून इथे लिहा. मोजताना एक टोक सुटं करा, नाहीतर शेजारच्या जोडणीमुळे आकडा चुकतो. मी प्रत्येकीचा फ्यूज सांगतो.