एक्स-रे नॉर्मल आहे, तरी हात वर जात नाही. रोटेटर कफ म्हणजे नेमकं काय, आणि व्यायाम करू की आराम?

'एक्स-रे नॉर्मल आहे, तरी' एवढं वाचलं आणि राहवलं नाही. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) फाटलेली दिसत नाही. आमच्या दादाला हे आजही पटलेलं नाही.

आम्ही खानापूर तालुक्यातले, भातवाले. सुगीत ट्रॉलीत पोतं टाकताना उजव्या खांद्यात कट्ट झालं. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बाहीत हात जाईना. दादा हाडं बसवणाऱ्याकडे घेऊन गेला. 'सांधा सरकलाय' म्हणून त्याने तेल चोळून असा हिसका दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग एक्स-रे काढला, तो स्वच्छ. दादा चार माणसांत म्हणाला, "हाड धड हाय की. मग सुगीतच बरा दुखतोय तुझा हात?"

शेवटी बेळगाव गाठलं. डॉक्टरांनी स्वतः माझा हात धरून कानापर्यंत नेला. दुखला, पण गेला. मग खांद्याच्या रेषेत आडवा धरून म्हणाले, "आता निधान खाली आणा." (निधान म्हणजे कन्नडात सावकाश.) अर्ध्या वाटेत हात धपकन पडला. शेजारी बसलेला दादा म्हणतो, "मुद्दाम सोडलास." सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस या रोटेटर कफमधल्या स्नायूची कंडरा फाटलेली निघाली. फाट आरपार, पण लहान.

तर कफ म्हणजे चार स्नायू. पाठीवरच्या पात्याच्या हाडापासून निघतात आणि दंडाच्या हाडाच्या गोळ्याला कंडरांनी कवटाळतात. गोळा मोठा, खोबण उथळ, त्यामुळे त्याला जागेवर हेच धरून ठेवतात. मागचे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर हात बाहेर फिरवतात, पुढचा सबस्कॅप्युलॅरिस आत. वरचा सुप्रास्पायनेटस हात बाजूला उचलायला लागतो. त्याची कंडरा ॲक्रोमियन या हाडाच्या वळचणीखालून, अरुंद बोळातून जाते, म्हणून बहुधा तीच झिजते नि फाटते. हात साधारण 60 ते 120 अंशांत असताना कळ येते ती बऱ्याचदा तिथलीच. याला 'नस दबली' म्हणणाऱ्यांना हात जोडा.

व्यायामाचा कागद कन्नडात होता, पोरगा वाचून दाखवायचा. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधायचा, कोपर बरगडीला चिकटवायचं आणि हात बाहेर ओढायचा. पाच महिने केलं, ऑपरेशन टळलं. त्या सुगीत पोती दादानेच उचलली, अजून ऐकवतो.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. माझा व्यायाम तसाच उचलू नका. दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नसेल तर ते फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडलेला, असू शकतं. मधुमेह असेल तर ते जास्त आढळतं. आणि पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला असेल तर आठवडे घालवू नका, लगेच दाखवा.

हिसका मात्र कुणाला देऊ देऊ नका, सख्खा भाऊ घेऊन गेला तरी.