“देवाचं काम आहे” म्हटल्यावर बायकोने काय बोलायचं?

पत्र (थोडक्यात) : आदरणीय पाळकसाहेब, आमच्या लग्नाला ११ वर्षं झाली. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. माझे मिस्टर मंडळीचे (चर्चचे) सेक्रेटरी आहेत, क्वायरमध्ये गातात, तरुण संघ चालवतात आणि दानाचा हिशेबही तेच ठेवतात. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी ते घरी नसतात, रविवार तर अख्खा जातो. मुलाला सडकून ताप होता त्या रात्रीसुद्धा मीटिंग चुकली नाही. काही बोलले की एकच उत्तर, “देवाचं काम आहे, नाही कसं म्हणू?” महिला संघात बोलले तर बायका म्हणतात, दारूडे नवरे बघ, तू नशीबवान आहेस, प्रार्थना कर. हल्ली उपासनेत बसलं की मला रागच येतो. मागच्या दोन्ही वेळी मी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घेतलं नाही. मी देवाचा मत्सर करते आहे का? आमच्या पाळकांना सांगू का? — एक भगिनी

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम.

मत्सर असता तर मिस्टर प्रार्थनेला गुडघे टेकलेले तुम्हाला खुपले असते. तुम्हाला खुपतात त्या मीटिंगा, तालमी आणि हिशेबाच्या वह्या. त्या पाच संध्याकाळी कमिटीने मागितल्या आहेत, आणि कमिटीला नाही म्हणता येतं. घरात वाद सुरू झाला की त्यांच्या बाजूला देव उभा राहतो आणि तुमच्या बाजूला तुम्ही एकट्या. असा वाद कुठलीच बायको जिंकत नाही, म्हणून तो घालूच नका. ‘देव की मी’ हा प्रश्न सोडून द्या आणि ‘मंगळवार की गुरुवार’ हा प्रश्न विचारा.

त्यांच्या मनात बहुधा बायबलमधलं लूक १४:२६ हे वचन असेल. आईबाप, बायको, मुलं यांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, असं येशू तिथे म्हणतो. पण घरचेच ख्रिस्ताला सोडायला सांगू लागले तर कुणाची निवड करायची, याचं ते वचन आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला सोडून मीटिंगला जाण्याची परवानगी त्यातून निघत नाही. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय अशी सबब सांगणाऱ्यांची खरडपट्टी त्याच येशूने मार्क ७ मध्ये काढली आहे.

प्रेषित पौल तर या बाबतीत चांगलाच व्यवहारी आहे. लग्न झालेल्या माणसाला बायकोला संतोष कसा द्यायचा याची चिंता असते, त्याचं लक्ष दोन्हीकडे असतं, हे तो १ करिंथकरांस ७:३३ मध्ये सरळ मान्य करतो. अविवाहित राहिलेलं बरं, हे त्याचं मत खरं. पण लग्न करून अविवाहितासारखं जगा, असं तो कुठेही म्हणत नाही. त्याच अध्यायाचं पाचवं वचन अजून नेमकं आहे : नवराबायकोने प्रार्थनेसाठीसुद्धा एकमेकांपासून दूर राहायचं ते दोघांच्या संमतीने आणि काही काळापुरतंच. प्रार्थनेलाही जर दोघांची संमती लागते, तर क्वायरच्या तालमीला का लागू नये? १ तीमथ्याला ३ मधल्या अध्यक्षाच्या (मंडळीची देखरेख करणाऱ्याच्या) अटी मंडळ्या कमिटी निवडताना वाचतात खऱ्या, पण ‘एका स्त्रीचा पती’ इथे थांबतात. ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, हा प्रश्न दोन-तीन वचनं पुढेच आहे.

मोठमोठ्यांनाही हे जमलेलं नाही. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७५१ मध्ये लग्न केलं आणि त्याच वर्षी रोजनिशीत लिहून ठेवलं की, लग्न झालं म्हणून उपदेशकाने एक प्रवचन किंवा एक दिवसाचा प्रवासही कमी करणं त्याला पटत नाही. त्याने खरोखरच काही कमी केलं नाही. बायको पुन्हापुन्हा घर सोडून गेली, आणि १७८१ मध्ये ती वारली ते त्याला दफन झाल्यावर कळलं. त्याच्या प्रवचनांनी हजारोंचं भलं झालं हे कबूल, पण नवरा म्हणून त्याचा कित्ता गिरवू नये.

ही सगळी वचनं एकदम त्यांच्यावर फेकू नका. वचनाला वचन लावत बसलात तर ते सेक्रेटरी आहेत, तुमच्यापेक्षा जास्त काढतील. एकच अध्याय निवडा आणि दोघांनी मिळून वाचा : निर्गम १८. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसतो. सासरा इथ्रो ते बघतो आणि सांगतो, हे बरं नाही, तूही थकून जाशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायची युक्ती निघते. अध्यायाची सुरुवात मात्र बहुतेक जण घाईने ओलांडतात. इथ्रो मोशेकडे येतो तो सिप्पोराला आणि दोन्ही मुलांना घेऊन, कारण मोशेने तिला माहेरी पाठवून दिलं होतं. बायकामुलं परत आली ती आदल्या दिवशी, आणि दुसऱ्याच दिवशी हा माणूस सकाळीच कामावर हजर! या अध्यायात मोशेला कुणी पापी म्हणत नाही, म्हणूनच तो तुमच्या उपयोगाचा आहे. त्यांना अंगावर काही आल्यासारखं वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आधी ४ आठवड्यांची नोंद ठेवा. एका आठवड्यावरून अंदाज चुकतो, कारण कमिटीची सभा आणि प्रभुभोजनाची तयारी यांसारखी कामं महिन्यातून एकदाच येतात. किती वाजता निघाले, किती वाजता आले, कशासाठी, एवढं पुरे. एक रकाना मात्र विसरू नका : घरी असूनही मंडळीच्या फोनवर आणि ग्रुपवर किती वेळ गेला. पुष्कळ घरांत संध्याकाळ खाणारा खरा चोर तोच असतो. नोंद त्यांना सांगून ठेवा. चोरून लिहिलेली वही म्हणजे आरोपपत्र. त्याच वहीत महिला संघासाठी तुम्ही स्वतः बाहेर असता त्या वेळाही लिहा.

चार आठवड्यांनी दोघांनी बसून प्रत्येक कामापुढे खूण करा : कुठलं त्यांच्यावाचून अडतं, कुठलं दुसऱ्याला शिकवता येईल, आणि कुठलं बंद पडलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. (तिसऱ्या प्रकारात निदान एक मीटिंग निघतेच.) मला विचाराल तर पहिल्यांदा हिशेब सोडायला सांगा. खर्चाचा ठराव लिहिणारा आणि पैसा सांभाळणारा एकच माणूस असणं मंडळीच्याही हिताचं नाही. उद्या दोनशे रुपयांचा फरक पडला तर बोट त्यांच्याचकडे जाणार. दान दोघांनी मोजावं, ते दोघे एकाच घरातले नसावेत, दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरली जावी. हे कारण कमिटीपुढे मांडायलाही सोयीचं, कारण त्यात तुमच्या घराचं नाव कुठेच येत नाही. तरुण संघाला तसेही दोन मोठी माणसं हजर असायला हवीत. तिघांची फळी झाली तर आळीपाळीने एक जण मोकळा होतो. सेक्रेटरीपदाची मुदत संपेपर्यंत त्याला हात लावू नका, मध्येच सोडलं तर तर्ककुतर्क होतात. आणि क्वायर राहू द्या. गाणं हा त्यांचा आनंद असेल तर तो काढून घेतलेला माणूस घरी बसेल, पण धुसफुसत बसेल.

बोलायची वेळ नीट निवडा. उपासनेहून परतताना नको, ते हातात बायबल घेऊन चपला घालत असतानाही नको, आणि झोपायच्या आधी तर मुळीच नको. “तुम्ही घरी कधी नसताच” या वाक्याला “परवा होतो की” हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी “मंगळवारी आणि गुरुवारी सातनंतर तुम्ही घरी हवे आहात, पुढच्या महिन्यापासून,” असं म्हणा. त्याला हो किंवा नाही यापलीकडे उत्तर नाही. तापाच्या रात्रीबद्दलही एकदाच, स्पष्ट बोला आणि नियम ठरवून घ्या : मूल आजारी असेल त्या दिवशी मीटिंग नाही, कळवायचं आणि थांबायचं.

काम सोपवणं हे सोडण्यापेक्षा अवघड असतं आणि बहुतेकदा तिथेच सगळं फिसकटतं. तारीख ठरवा. दोन महिने नवा माणूस शेजारी बसून शिकेल. मग पावतीपुस्तकं, पासबुक, कपाटाच्या किल्ल्या आणि बाकीच्या नोंदी यांची यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन सोपवायचं आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवायचं. नवा माणूस तिसऱ्या महिन्यात कुठेतरी चुकणार आणि मिस्टर म्हणणार, “त्यापेक्षा मीच करतो.” हे आधीच बोलून ठेवा : फोनवर सांगायचं, वही परत घ्यायची नाही. दुसरा धोका “ईस्टरपर्यंतच” या शब्दाचा. ईस्टर झाला की सुट्टीतली बायबल शाळा, मग वार्षिक सभा, मग नाताळ. मंडळीच्या वर्षात रिकामा महिना नसतो. तिसरा धोका असा की मोकळा झालेला माणूस पाळकांना लगेच दिसतो आणि महिनाभरात नवी जबाबदारी गळ्यात पडते. त्यावर त्यांनी एकच वाक्य पाठ करावं : “घरी विचारून उद्या सांगतो.”

मिळालेल्या पहिल्या काही संध्याकाळी मिळमिळीत जातील. ते फोन चाळत बसतील आणि तुम्हाला वाटेल, याच्यासाठी एवढा आटापिटा केला? धीर धरा, पण त्यांना पाहुण्यासारखं बसवूही नका. मुलांचा अभ्यास आणि झोपवणं त्या दोन दिवशी त्यांच्याकडे. मुलं झोपली की ग्रुप बंद आणि अर्धा तास दोघांचा. त्या अर्ध्या तासात ११ वर्षांचा हिशेब काढायचा नाही, ती पथ्याची बाब समजा. शेवटी पाच मिनिटं एकत्र प्रार्थना करा, एकाने दुसऱ्यासाठी एकदोन वाक्यं. “प्रभू, यांना वेळेचं भान दे” ही प्रार्थना मात्र नको. ती देवाला ऐकवलेली नसते आणि ज्यांना ऐकवलेली असते त्यांना ते बरोबर कळतं.

एक शक्यता बोलून ठेवतो. मंडळीत ते सेक्रेटरीसाहेब असतात, शब्दाला मान असतो. घरी कर्ज, नोकरीतली कुचंबणा किंवा तुमच्या दोघांमधला अबोला वाट बघत असतो. माणूस कधीकधी त्यापासून पळण्यासाठी सेवेत बुडतो. सोडवलेल्या संध्याकाळी त्यांनी लगेच दुसऱ्या कशाने भरून टाकल्या, तर मूळ मंडळीत नाही असं समजा आणि विवाह समुपदेशकाकडे दोघं मिळून जा.

पाळकांना सांगायचं का? सांगा, पण पहिल्या पायरीवर नको. मत्तय १८:१५ ते १७ मधला क्रम घरातही चालतो : आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन. दोनदा शांतपणे बोलून, सहाएक आठवडे थांबूनही काही हललं नाही तर जा, आणि मिस्टरांना सांगून जा. लक्षात ठेवा, तुमचे मिस्टर हे पाळकांचे सगळ्यात उपयोगी गडी आहेत, त्यामुळे सहानुभूतीपलीकडे काही मिळावं असं वाटत असेल तर नेमकी मागणी करा : “वार्षिक सभेपर्यंत हिशेब दुसऱ्याकडे द्या.” पाळक स्वतःच घरी न सापडणाऱ्यांपैकी असतील, तर दोघांचाही विश्वास असलेलं एखादं वडीलधारं जोडपं गाठा. महिला संघात मात्र हे आता प्रार्थनाविनंती म्हणूनही मांडू नका. संध्याकाळपर्यंत ती बातमी झालेली असते. दारूड्यांशी तुलना करणाऱ्या भगिनींना उत्तर द्यायची गरज नाही. कुणी इफिसकरांस ५:२२ दाखवून अधीन राहायला सांगितलं, तर २१ आणि २५ ही वचनंही वाचायला सांगा. एकमेकांच्या अधीन राहा, आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी पतीने पत्नीवर प्रीती करावी, असं तिथे आहे.

राहिला प्रश्न प्रभुभोजनाचा. रागात असताना घेतलं तर अयोग्य रीतीने घेतल्यासारखं होईल, या भीतीने तुम्ही थांबलात ना? १ करिंथकरांस ११ मध्ये पौल रागावला आहे तो आधीच खाऊनपिऊन बसणाऱ्या आणि गरिबांना उपाशी ठेवणाऱ्या लोकांवर. २८ व्या वचनात तो म्हणतो, स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. दूर राहायला तो सांगत नाही. समेटाची काळजी वाटत असेल तर त्याच आठवड्यात त्यांच्याशी बोलायला सुरुवात करा. सगळं मिटेपर्यंत थांबायला कुणी सांगितलेलं नाही. स्तोत्र १३ मध्ये तर दावीद “किती वेळ” असं देवाला लागोपाठ चार वेळा विचारतो, आणि ते स्तोत्र उपासनेत वाचायलाच आहे. तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाला जा. त्या दिवशी मिस्टरांना क्वायरच्या बाकावरून उठून तुमच्या आणि मुलांच्या शेजारी बसायला सांगा. एका रविवारी एक आवाज कमी पडला म्हणून गीत थांबत नाही.