माळावर झाडं लावू का? (वाचक विचारतात)

प्रश्न : सर नमस्कार, आमच्या गावाला (बारामती तालुका) चाळीसेक एकर गायरान आहे, नुसतं उघडं माळरान, औषधाला एक झाड नाही. आम्ही पोरांनी ग्रुप केलाय, 2000 झाडं लावायचीत, रोपं आणि टँकरला सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) पैसे पण मिळतायत. पण गावातले एक धनगर आजोबा म्हणाले "माळाचं वाटोळं करू नका रे पोरांनो". सगळे हसले, मी पण हसलो, पण ते डोक्यातनं जाईना. काय करावं?

उत्तर : आजोबांना जाऊन आधी चहा पाज. हसलास ते ठीक आहे, मी पण तुझ्या वयाचा असताना असल्याच एका माळावर कुदळ घेऊन गेलेलो. वीतभर खणलं की मुरूम लागायचा, कुदळ नुसती खणखण वाजायची, चौघांत मिळून दिवसाला दहा खड्डे पण झाले नाहीत. त्यातली निम्मी झाडं पुढच्या एप्रिलला वाळली आणि जी जगली ती फक्त टँकर होता म्हणून जगली. टँकर गेला, झाडं गेली.

बारामती, इंदापूर, करमाळा, कर्जत हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला, वर्षाला 500 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, आणि माती एवढीशी. तिथं गवत आहे ते कुणी झाडं तोडली म्हणूनच असेल असं धरून चालू नकोस, गवत हेच तिथलं पीक आहे. पवना, मारवेल, शेडा, कुसळी. एक गंमत करून बघ, नोव्हेंबरात माळावर जा आणि पायमोज्यात अडकलेलं एक कुसळ काढून ओल्या तळहातावर ठेव. त्याची शेपटी आपोआप पीळ सोडायला लागते, गोल गोल फिरते. ओल आली की फिरायचं, सुकलं की परत पीळ घालायचा, असं करत करत ते बी स्वतःच मातीत घुसतं. आपण मोजे फेकून देतो आणि म्हणतो माळावर काही नाही.

आता "काही नाही" हे कुणी ठरवलं? इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, असा हिशोब होता. इंग्रज गेले, हिशोब राहिला. म्हणून आजही माळ दिसला की लोकांना तिथं एक तर सोलर दिसतो, नाहीतर एमआयडीसी, नाहीतर वृक्षारोपण. तिन्हीत वृक्षारोपण सगळ्यात फसवं, कारण त्याला कुणी विरोध करत नाही. गिरिपुष्प नावाचं झाड लावतात, ते पटकन हिरवं दिसतं, फोटो चांगला येतो, पण खाली सावली पडली की गवत मागं हटतं. चिंकारा, काळवीट ही जनावरं नजरेवर आणि पायावर जगतात, लांबचं दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं पाहिजे. धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी तर अंडी थेट जमिनीवर घालतात, तिथं झाडं उभी केलीस की कावळ्या-घारींना बसायला आयती जागा. लांडगा, खोकड, तरस पण याच माळाचे. तुमच्याच तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यासाठी केलेलं, एकदा सकाळी सगळा ग्रुप घेऊन जा आणि चिंकारा कुठं उभा राहतो ते बघ.

आणि आजोबांचा मुद्दा वेगळाच असेल. त्यांची मेंढरं कुठं जाणार? झाडं लावली की पहिली चराईबंदी होते, मग तीच मेंढरं उरलेल्या दहा एकरात कोंबली जातात आणि ते दहा एकर खरंच ओसाड होतात. त्यापेक्षा माळाचे चार तुकडे करा, पावसाळ्यात आळीपाळीनं एक तुकडा बंद, बाकीच्यात चराई, आणि कुठला तुकडा कधी बंद ते आजोबांना ठरवू द्या. पैसे आलेच आहेत तर वेडी बाभूळ (ती बाहेरून आलेली, माजणारी; गावठी बाभूळ वेगळी) काढायला वापरा, नांगर आणि जेसीबी मात्र माळावर नको, पाणी अडवायला उतारावर आडवे खणतात ते समतल चर पण नकोत. झाडं लावायचीच हौस असेल तर ओढ्याच्या कडेला, देवळापाशी, शाळेपाशी लावा. कडुलिंब, गावठी बाभूळ, बोर. 2000 नको, 60 लावा पण जगवा.

प्रश्न : आमच्याकडे दरसाल मार्चमध्ये माळ पेटवतात. म्हणतात की पेटवल्यावर गवत जोमानं फुटतं. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. वरचं वाळकं जळून गेलं की कोवळा फुटवा लवकर दिसतो, म्हणून तसं वाटतं. पण दरसाल पेटवत राहिलं की आगीला दाद न देणारी कुसळी माजते आणि मारवेलसारखं जनावरं आवडीनं खातात ते गवत कमी होत जातं, म्हणजे चाऱ्यासाठी पेटवलं आणि चाराच घालवला. शिवाय उन्हाळ्यात जमिनीवरच्या घरट्यांत अंडी-पिल्लं असतात, त्यांना कुठं पळता येतं? त्यापेक्षा गवत कापा. फुलोऱ्यात कापलं तर चारा कसदार, पण मग बी पडत नाही, म्हणून एखादा तुकडा बी पडेपर्यंत तसाच ठेवायचा, दरवर्षी वेगळा. आणि रस्त्याच्या कडेनं जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, वेळेत काढून घ्या, कारण वणवे बऱ्याचदा तिथूनच लागतात. विडी, दुसरं काय.

प्रश्न : मुलांना माळढोक पक्षी दाखवायला सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात न्यायचंय. दिसेल का हो?

उत्तर : ताई, खरं सांगू? नाही दिसणार असं धरूनच जा. देशातच दीडशेच्या आतबाहेर उरलेत, बहुतेक राजस्थानात. एकेकाळी याला राष्ट्रीय पक्षी करा असं पक्षीतज्ज्ञ सालिम अली म्हणत होते, झाला मोर. आपल्याकडे 1979 मध्ये अभयारण्य केलं ते चक्क 8496 चौरस किलोमीटरचं, त्यात गावंच्या गावं, शेतं, वस्त्या. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले आणि राग निघाला पक्ष्यावर. पुढं ते कमी करून 1222 वर आणलं, पण तोवर माळ नांगरून ऊस लागला होता आणि डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. या पक्ष्याला बाजूचं दिसतं पण समोरचं नीट दिसत नाही, मोठा नर 12-15 किलोचा, ऐनवेळी वळता येत नाही, तारेवर आदळतो. मादी सहसा एकच अंडं घालते, तेव्हा एक पक्षी गेला तरी हिशोब बिघडतो.

तरी जा. डिसेंबर-जानेवारीत जा, काळविटांचे कळप दिसतील, संध्याकाळी गवतावरून खाली खाली तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिसतील, ते हजारो किलोमीटरवरून आलेले असतात. गाडी वाटेवरच ठेवा. आणि पोरांना लोकरीचे मोजे घालू नका, का ते वर सांगितलंच आहे.