तक्ता शेवटाकडून वाच

प्रिय मित्रा,

मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा कुठला विषय कधी घ्यायचा, हा तुझा आठ सेमिस्टरचा तक्ता पाहिला. क्रेडिटची बेरीज चोख आहे, तरी मला तो पटला नाही. रिकामी चौकट दिसली की विषय टाकलास असं वाटतं. मेकॅनिकलचे विषय इतके सुटे नसतात रे.

एकदा तो उलटा वाचून बघ. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घे. त्याला मशीन डिझाइन लागणार. साधा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, किती जाडीचा हवा हे ठरवायचं तरी बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) आणि टॉर्क (पिळणारा जोर) एकत्र धरून ताण काढावा लागतो, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आलं. आणि बेअरिंगवरच्या प्रतिक्रिया, म्हणजे शाफ्टला आधार देणारी बलं, काढता येत नसतील तर तिथेही गाडी अडते. ते काम स्टॅटिक्सचं, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या हिशेबाचं. म्हणजे प्रकल्पाआधी ओळीने तीन विषय. यातला पहिला एका सेमिस्टरने सरकला आणि पुढचा वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर सहा महिन्यांचा उशीर वर्षाचा होतो. तू स्टॅटिक्स चौथ्या सेमिस्टरला ठेवलं आहेस. का?

उष्णतेच्या बाजूलाही तसंच. थर्मो (उष्णता आणि ऊर्जेचे नियम), मग फ्लुइड (द्रव-वायूंचा प्रवाह), मग हीट ट्रान्सफर (उष्णता कशी जाते). तू शेवटचे दोन एकाच सेमिस्टरला घेतले आहेस. नियमात बसत असेलही, पण गोल नळीत रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा आकडा) साधारण 2300 च्या वर गेला की थरांनी वाहणारा प्रवाह बिघडायला लागतो, आणि उष्णता किती वेगाने जाईल याचं सूत्रही बदलतं. हा अंक फ्लुइडमध्ये नीट समजण्याआधीच हीट ट्रान्सफरच्या गणितात समोर आला, तर नुसता आकडा पाठ होतो.

गणिताबद्दल माझीच फजिती सांगतो. सकाळी आठचा तास नको म्हणून मी डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे बदलाच्या वेगाची समीकरणं, हा विषय पुढे ढकलला. व्हायब्रेशनच्या पहिल्याच आठवड्यात वस्तुमान, स्प्रिंग आणि डँपर (कंपन शमवणारा भाग) यांचं तसलंच समीकरण फळ्यावर आलं. शेजारचा ते चार ओळींत सोडवून मोकळा झाला, मी वहीत स्प्रिंगचे वेटोळे काढत बसलो. पुढे कंट्रोल सिस्टिम्समध्येही (यंत्रांवरचं नियंत्रण) तेच समीकरण आडवं आलं. गंमत बघ, फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने 1807 साली मांडलेल्या, अशी समीकरणं सोडवायला लागणाऱ्या श्रेणी मुळात घन पदार्थात उष्णता कशी पसरते हे शोधताना आल्या होत्या. गणिताचा वेगळा कप्पा आपणच केला.

मानव्यविद्येचे वगैरे क्रेडिट कुठेही बसतील. जड सेमिस्टरला हलकं करायला ते राखून ठेव. प्रयोगशाळेचे तास मात्र कागदावर दिसतात त्याहून जास्त खातात, रिपोर्ट लिहिणं कुणी मोजत नाही. दोनपेक्षा जास्त लॅब एका सेमिस्टरला नकोतच.

इलेक्टिव्ह आत्ताच ठरवू नकोस. फक्त आवडू शकतील अशा दोन-तीन विषयांच्या पूर्वअटी, म्हणजे आधी कुठले विषय झालेले हवेत ते, पाहून ठेव. फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे तुकडे कल्पून संगणकावर ताण वगैरे काढण्याची पद्धत) घ्यायचं तर मॅट्रिक्सचं गणित आधी झालेलं बरं. आणि एक चौकशी लेखी कर: पूर्वअट म्हणजे नुसतं पास होणं की ठरावीक ग्रेड मिळणं? तोंडी उत्तरावर विसंबू नकोस, पुढे ते कुणालाच आठवत नाही.

नवा तक्ता पेन्सिलने काढ, विषयांमध्ये बाण दाखव आणि रविवारच्या आत मला पाठव. स्टॅटिक्सचं उत्तरही त्यातच लिही.

तुझा,
काका