‘डायअमोनियम फॉस्फेट’ म्हणतो, मग ‘डायअमोनियम सल्फेट’ का म्हणत नाही?

जालना जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत. पहिली शंका मुलांची आहे. घरी आलेल्या खताच्या पोत्यावर त्यांनी ‘डायअमोनियम फॉस्फेट’ हे नाव वाचलेले असते. मग वर्गात (एनएच४)२एसओ४ या सूत्रात अमोनियम दोनदा येत असूनही त्याला नुसते ‘अमोनियम सल्फेट’ का म्हणायचे, असे ती विचारतात. दुसरी शंका शिक्षकांची आहे: एनएच४, एसओ४ अशा गटांना ‘संयुक्त मूलक’ म्हणावे, ‘बहुअणू आयन’ म्हणावे, की हिंदी व्हिडिओंमधला ‘बहुपरमाणुक आयन’ हा शब्द चालेल? (रासायनिक चिन्हे खरे तर रोमन लिपीतच लिहावयाची असतात, येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

आयनिक संयुगाच्या, म्हणजे धन आणि ऋण प्रभार असलेल्या कणांपासून (आयनांपासून) बनलेल्या संयुगाच्या, नावात संख्या सांगावी लागत नाही, कारण ती दोन्ही आयनांच्या प्रभारांवरून ठरलेलीच असते. अमोनियमवर एक धन प्रभार आणि सल्फेटवर दोन ऋण प्रभार असल्यामुळे, बेरीज शून्य व्हायची तर एका सल्फेटमागे दोन अमोनियम घ्यावेच लागतात, दुसरा पर्यायच उरत नाही. जिथे पर्याय नाही तिथे ‘डाय’ लावणे म्हणजे पुनरुक्ती होय. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे तसे नाही. ते इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात आणि एकास एक किंवा एकास दोन अशा दोन्ही प्रमाणांत जुळतात, म्हणून तिथे ‘मोनॉक्साइड’ की ‘डायऑक्साइड’ हे नावातच सांगावे लागते.

आता पोत्याकडे वळू. फॉस्फेट आयनावर तीन ऋण प्रभार असतात, त्यामुळे नियमाने ‘अमोनियम फॉस्फेट’ म्हटले की (एनएच४)३पीओ४, म्हणजे तीन अमोनियम असलेले संयुग, असाच अर्थ होतो. शेतकरी ज्याला ‘अठरा-सेहेचाळीस’ म्हणतात त्या खतात मात्र अमोनियम दोनच असतात आणि तिसऱ्या प्रभाराची जागा हायड्रोजनने घेतलेली असते. त्याचे सूत्र (एनएच४)२एचपीओ४ असे आहे. यातील ऋण आयन साधा फॉस्फेट नसून हायड्रोजन फॉस्फेट आहे आणि त्यावर दोनच ऋण प्रभार आहेत, म्हणून ‘अमोनियम हायड्रोजन फॉस्फेट’ एवढे नाव नियमाला पुरेसे होते. व्यापारी नावातून ‘हायड्रोजन’ गळला आणि त्याची उणीव ‘डाय’ने भरून काढली. ठिबकमधून सोडल्या जाणाऱ्या ‘बारा-एकसष्ट-शून्य’ या खताची गंमत तर आणखी पुढची आहे. बाजारात ते ‘मोनोअमोनियम फॉस्फेट’ आहे, पण त्याचे सूत्र एनएच४एच२पीओ४ असल्यामुळे शास्त्रीय नाव ‘अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट’ असे होते. म्हणजे ‘डाय’ इथेही आहेच, फक्त तो अमोनियमला न लागता हायड्रोजनला लागला आहे. पोत्यांवरचे आकडेही हेच सांगतात: दोन अमोनियमच्या खतात नत्र १८ टक्के असते, तर एक अमोनियमच्या खतात ते १२ टक्क्यांवर येते.

तेव्हा मुलांना असे सांगावे की ‘अमोनियम सल्फेट’ हे नियमाने दिलेले नाव आहे आणि ‘डायअमोनियम फॉस्फेट’ हे बाजाराने रूढ केलेले नाव आहे. दोन्ही आपापल्या जागी टिकून आहेत, पण पहिल्याची परीक्षा दुसऱ्यावरून घेऊ नये.

नावाला पुरवणी लागते ती एकाच धातूला एकाहून अधिक संयुजा (म्हणजे आयनावरील प्रभाराच्या संख्या) असतात तेव्हा. चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन पिवळे पडले की जे हिराकस फवारतात ते फेरस सल्फेट, एफईएसओ४ (स्फटिकातले पाणी वेगळे). फेरिक सल्फेट मात्र एफई२(एसओ४)३. नुसते ‘आयर्न सल्फेट’ म्हटले तर यांपैकी कोणते, हे कळणार नाही.

सूत्रातील कंसाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मोसंबीच्या बागेत वापरल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असे दोन पदार्थ असतात. मोरचुदातील कॉपर सल्फेट सीयूएसओ४ असे कंसाविना लिहितात, कारण दोन्हींकडे प्रभार दोन-दोन असल्याने सल्फेट एकदाच येतो. विझवलेला चुना मात्र सीए(ओएच)२ असाच लिहावा लागतो, कारण कंस काढला की ते २ केवळ हायड्रोजनला लागतात आणि एक ऑक्सिजन हरवतो. संयुजांची तिरकी अदलाबदल (एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहिणे) मुले झटपट शिकतात. गटाला एकाहून मोठी संख्या लागली तरच कंस, हे त्यांच्याकडून पुनःपुन्हा घोटवून घ्यावे लागते.

उच्चाराबाबतही एक सावधगिरी हवी. सल्फाइड आणि सल्फाइट यांत फक्त ‘ड’ आणि ‘ट’ यांचा फरक आहे, पण पहिल्यात ऑक्सिजन मुळीच नाही आणि दुसऱ्यात तो तीन अणूंचा आहे. ‘एट’च्या तुलनेत ‘आइट’मध्ये ऑक्सिजनचा एक अणू कमी असतो आणि प्रभार तेवढाच राहतो, एवढेच त्या प्रत्ययावरून कळते. नायट्रेटमध्ये तीन आणि सल्फेटमध्ये चार का, हे प्रत्यय सांगत नाही. ते पाठच करावे लागते. हायड्रॉक्साइड तर ‘आइड’ने संपूनही सल्फाइडसारखा एका अणूचा नसून दोन अणूंचा गट आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर छोटे आहे. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा कण आणि रेणू म्हणजे अणूंचा समूह. हिंदीत मात्र ‘अणु’ हाच शब्द रेणूसाठी येतो आणि आपल्या अणूला ‘परमाणु’ म्हणतात. त्यामुळे ‘बहुपरमाणुक’ हा शब्द मराठी वर्गात आणला तर मुलांचा अणू-रेणूंचा घोळ वाढतो. परीक्षेत पाठ्यपुस्तकातील ‘संयुक्त मूलक’ लिहावे. समजावताना ‘बहुअणू आयन’ अधिक बरे, कारण त्यात अणू अनेक आहेत आणि गटावर प्रभार आहे, या दोन्ही गोष्टी शब्दातच येतात.